दुसऱ्याच्या सहीची गिटार

माणसाच्या आयुष्यात सहीला फार महत्त्व आहे, पण ती सही सहसा दुसऱ्याची असते. शाळेत प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही लागते. नोकरीच्या अर्जाला गॅझेटेड ऑफिसरची लागते. भाड्यानं जागा घ्यायची तर घरमालकाची, आणि त्या जागेतली गळती काढायची तर सोसायटीच्या सेक्रेटरीची. आपली स्वतःची सही मागणारी माणसं जगात दोनच. एक कुरिअरवाला आणि दुसरी बँक. त्यांपैकी कुरिअरवाला मोठ्या मनाचा असतो. आपण रेघ ओढली तरी त्याला चालते. बँकेचं तसं नाही. आमच्या बँकेचं माझ्या सहीबद्दल पहिल्यापासूनच मत वाईट आहे. "ही तुमची सही नाही," असं काउंटरपलीकडच्या बाई मला माझ्या तोंडावर सांगतात. मी म्हणतो, "अहो, आत्ता तुमच्यासमोर केली ना!" त्यावर त्या थंडपणे म्हणतात, "केली असेल हो, पण जुळत नाही."

अशा माझ्या घरात गेली तीन वर्षं एक सही भिंतीला टांगलेली आहे. वळणदार, सोनेरी, शेवटच्या अक्षराला घोड्याच्या शेपटीसारखा झोकदार फराटा. जगात अशा हजारो सह्या आहेत आणि एकीत दुसरीपेक्षा केसभर फरक नाही. कुठल्याही बँकेनं डोळे मिटून पास करावी अशी सही. फक्त ती माझी नाही. ती आहे एका परदेशी, जगप्रसिद्ध गिटारवादकाची, आणि ज्या गिटारीच्या डोक्यावर ती छापलेली आहे ती गिटार मी पोटासाठी वाजवतो. त्या थोर कलावंताचं किंवा त्या कंपनीचं नाव मी इथं सांगणार नाही. पुढे मला त्या गिटारीच्या पोटात हात घालायचा आहे, आणि अशा वेळी नावं न घेतलेली बरी.

पोटासाठी वाजवतो म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. लग्नाची रिसेप्शनं, गणेशोत्सव, नवरात्र, कारखान्याचे वार्षिक दिन आणि वर्षातून पंधरा-वीस वेळा 'सुवर्णयुगातील सुमधुर गीते'. ह्या कार्यक्रमांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतीलच. सर्वांत वर गायिका, तिच्याखाली गायक, मग निवेदक, मग संयोजक, मग ध्वनिव्यवस्था, मग मंडप डेकोरेटर्स (फोन नंबरसह), आणि सगळ्यांत शेवटी, जागा उरली तर, 'आणि वाद्यवृंद'. ह्या दोन शब्दांत मी बत्तीस वर्षं राहतो आहे. मी 'वाद्या'त मोडतो, 'वृंदा'त मोडतो की नुसत्याच 'आणि'त, ह्याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

तेव्हा सहीची गिटार हा काय प्रकार आहे ते आधी समजून घेऊ. आपल्याकडे वाद्याला नाव चिकटतं ते घडवणाऱ्याचं. मिरजेचा तंबोरा घ्या. तिथली कारागीर घराणी पिढ्यान्‌पिढ्या भोपळे सुकवून तंबोरे आणि सतारी घडवताहेत. २०२४ साली त्यांच्या ह्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मिरजेत जाऊन तुम्ही 'अमुक बुवा सही मॉडेल' तंबोरा मागितलात तर कारागीर तुम्हांला आधी बसायला सांगेल, मग पाणी देईल. साहेबाच्या देशात उलट. तिथं घडवणारा राहतो कारखान्यात आणि नाव लागतं वाजवणाऱ्याचं. गिब्सन कंपनीनं निक लुकस नावाच्या अमेरिकन गायक-गिटारवादकाच्या नावाची गिटार काढली ती १९२०च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे ही रीत शंभरीला आली.

पण ह्या पंथाचे खरे महापुरुष म्हणजे लेस पॉल. जन्म १९१५, पाळण्यातलं नाव लेस्टर विल्यम पोल्सफस. ते गिटारीच्या डोक्यावर मावलं नसतं, हे त्यांनी वेळीच ओळखलं असावं. हा माणूस गिटारवादक तर होताच, पण त्याचे हात सदैव पेचकस-पकडीकडे धावत. त्या काळी गिटारी पोकळ असत आणि त्यांना वीज जोडून आवाज वाढवला की त्या पोकळीत घूं-घूं सुरू होई. लेस पॉलनी विचार केला, पोकळीच नसली तर? १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एपिफोन कंपनीच्या कारखान्यात रविवारी सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांनी एका सरळसोट वाशाला तारा ठोकल्या. त्याचं नावच 'लॉग', म्हणजे ओंडका. हा ओंडका घेऊन ते वाजवायला गेले तर ऐकणाऱ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मग त्यांनी एका नेहमीच्या गिटारीचे दोन गाल कापून वाशाच्या दोन्ही बाजूंना चिकटवले. आवाजात त्यानं काही भर पडली नव्हती. पण आता दिसायला गिटार झाली होती, आणि लोक खूश झाले! प्रेक्षक कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकतो, हा शोध मला विजेच्या गिटारीच्या शोधापेक्षाही मोठा वाटतो.

पुढे १९५२ साली गिब्सननं त्यांच्या नावाची सोनेरी गिटार बाजारात आणली. तिच्यात लेस पॉलचं डोकं किती आणि कारखान्यातल्या माणसांचं किती, ह्यावर जाणकार अजून हमरीतुमरीवर येतात. नाव मात्र एकाचंच लागलं. आणि त्या नावाचे तरी काय हाल! १९६१ साली कंपनीनं गिटारीचा आकार बदलून तिला दोन शिंगं काढली. ती लेस पॉलना आवडली नाहीत. त्यात घरी पत्नी मेरी फोर्ड यांच्याशी बिनसलेलं. नव्या कराराचे पैसे घटस्फोटाच्या वाटणीत जायला नकोत म्हणून त्यांनी करारच थांबवला, असं सांगतात. गिटारीवरून नाव उतरलं आणि १९६८ साली पुन्हा चढलं. आपल्याकडे रेशनकार्डावरून नाव कमी करून पुन्हा चढवायला ह्याहून जास्त वर्षं लागतात, म्हणून मी त्यांना भाग्यवानच म्हणतो. आणखी एक गंमत म्हणजे एपिफोन कंपनीही १९५७ साली गिब्सनच्याच मालकांनी घेतली. आज लेस पॉल गिटारीची परवडणारी भावंडं विकली जातात ती त्याच एपिफोनच्या नावानं. ज्या कारखान्यात ते सुट्टीच्या दिवशी ओंडका तासत बसले, त्याच्या नावाखाली आता त्यांचं नाव स्वस्तात मिळतं.

हे 'स्वस्तात' प्रकरण माझ्यासारख्यांसाठी निर्माण झालं आहे. मूळ सहीची गिटार अमेरिकेत किंवा जपानात बनते आणि तिची किंमत काही लाखांत असते. तेवढ्या पैशांत आमच्याकडे मुलीचं लग्न होतं. आणि मुलीच्या लग्नात गिटारवाला ठेवतात ते वेगळं. मग कंपन्या तोच आकार, तोच रंग आणि तीच सही घेऊन इंडोनेशियात नाहीतर चीनमध्ये जातात आणि थोरल्या गिटारीची धाकटी पाती काढतात. थोरलीनं उतरवलेला फ्रॉक धाकटीला बसवावा, तसा हा मामला. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. जवळून बघणाऱ्याला शिवण दिसते.

माझी जुनी गिटार चोवीस वर्षं वाजून थकली होती. तिच्या पट्ट्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, आणि डोंबिवलीचे चोवीस पावसाळे खाऊन तिची मानही वाकडी झाली होती. तरी मी ओढली असती आणखी दोन वर्षं. पण आमचे संयोजक एके दिवशी म्हणाले, "हल्ली लोक मोबाइलवर सगळं शूटिंग करतात हो. तुमची गिटार जरा... बरी दिसेल असं काहीतरी बघा की." ते माझ्या चेहऱ्याबद्दल काही बोलले नाहीत, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. लेस पॉलना जे न्यूयॉर्कमध्ये कळलं ते आमच्या संयोजकांना ठाण्यात कळलं होतं. मी बेचाळीस हजार रुपये मोजून एक ओंडका घरी आणला, त्यावर सही होती.

घरी गिटार आली तेव्हा आमच्या आईनं चष्मा लावून सोनेरी अक्षरं निरखली आणि विचारलं, "अरे, नाव घातलंय हिच्यावर. कुणी आहेर केला का?" तिचंही बरोबर होतं. आमच्या घरात नाव घातलेली वस्तू म्हणजे आहेराची. स्वयंपाकघरातल्या फडताळात मामांच्या नावाचं पातेलं आहे, आत्याच्या नावाचा डबा आहे, आणि 'शेजारी मंडळींकडून सप्रेम भेट' असं कोरलेला एक कुकर आहे, ज्याच्या शिट्टीशी त्या शेजाऱ्यांचं पुढे भांडण झालं. मी समजावलं, "आई, हा मोठा वादक आहे. त्याची सही आहे ही." आई म्हणाली, "मग त्याला नको झाली होय?"

आमची ही तहसील कार्यालयात नोकरी करते. सहीच्या बाबतीत तिचा अधिकार मोठा. तिनं सहीवरून नख फिरवून पाहिलं. "अहो, ह्यानं स्वतः केली आहे का ही?"

"नाही, छापलेली आहे."

"म्हणजे त्यानं गिटार पाहून, वाजवून मग पास केली आहे?"

"ही नाही पाहिली. असं मॉडेल पास केलं."

"मग रबरी शिक्का म्हणा की," असं म्हणून ती पोळ्या लाटायला निघून गेली. सरकारी नोकरीत माणसाची दृष्टी किती स्वच्छ होते ते मला त्या दिवशी समजलं.

नव्या गिटारीचा पहिला प्रयोग गणेशोत्सवात झाला. दिसायला ती अशी दिसली की संयोजकांनी मला एक पाऊल पुढे उभं केलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच मी कीबोर्डवाल्याच्या पुढे उभा होतो. पण तार छेडण्याआधीच गिटारीनं आपलं गायन सुरू केलं होतं. त्याचं शास्त्र असं : गिटारीच्या तारांखाली जी पिकप असते ती म्हणजे एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ती पोलादी तारेची कंपनं पकडते हे खरं, पण आजूबाजूच्या विजेच्या तारांतली कंपनंही तितक्याच आवडीनं पकडते. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. सुरात सांगायचं तर हा सूर पांढरी पाचच्या अगदी किंचित वर, खर्जात लागतो. मंडपात दहा हजार दिवे लावलेले, त्यामुळे माझ्या गिटारीतून अखंड 'घूंऽऽ' असा षड्ज निघत होता. आमच्या गायिकाबाई गाणार काळी एकमध्ये. त्यांनी एकदा गणपतीकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. ह्या घूं-घूंवर सेथ लव्हर नावाच्या गिब्सनच्या इंजिनिअरनं १९५५ सालीच उतारा काढून ठेवला आहे. दोन वेटोळी शेजारीशेजारी अशी उलटसुलट बसवायची की दोघांनी पकडलेली घरघर एकमेकींना मारून टाकते आणि सूर तेवढा उरतो. आदर्श विवाहाची ह्याहून चांगली व्याख्या माझ्या ऐकिवात नाही. पण माझ्या मॉडेलमध्ये एकेकटीच वेटोळी होती. सहीवाल्या महाराजांना तोच आवाज प्रिय.

बाकीही बरंच काही होतं. तार सुरात लावावी आणि दुसऱ्या अंतऱ्याला तिनं परस्पर माहेर गाठावं. पहिल्या घरात सूर दाबला की तो पाव पायरी चढलेला. कारण तारा ज्या खाचांमधून निघतात ती प्लॅस्टिकची पट्टी, जिला आम्ही नट म्हणतो, ती उंच राहिलेली. आणि दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं अशी बाहेर आलेली की कार्यक्रम संपल्यावर माझा डावा हात पाहून तबलजीनं सहानुभूतीनं विचारलं, "घरी मांजर पाळलंय का?" मी कसाबसा कार्यक्रम निभावून नेला. साथीदाराची अर्धी विद्या निभावून नेण्यात असते. उरलेली अर्धी, निभावून नेतोय हे न दाखवण्यात.

दुसऱ्या दिवशी मी गिटार घेऊन धोबी तलावाच्या बाजूला एका जुन्या चाळीत लाकडी जिना चढून गेलो. तिथं आमच्या धंद्यातले सगळे जण ज्यांना नुसतं 'अंकल' म्हणतात ते राहतात. मूळचे गोव्याचे. तरुणपणी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे, आता तारवाद्यांची दुरुस्ती करतात. अंकलनी गिटार मांडीवर घेतली, दांडी डोळ्याशी धरून बंदुकीचा नेम धरावा तशी पाहिली. मग त्यांचं लक्ष सहीकडे गेलं.

"हा सही कोणाचा, मॅन?"

मी नाव सांगितलं.

"तो आलेला काय बांधायला?"

"नाही, अंकल."

"मग कोण बांधला, त्याचा नाव कुठे आहे?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गिटारीच्या पाठीवर देशाचं नाव होतं आणि नऊ आकडी नंबर होता. अंकल बराच वेळ तिच्या अंगाखांद्यावरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, आता म्हणणार, परत कर. पण ते म्हणाले, "खराब नाय हा गिटार. लाकूड बरा आहे. पिकप पण चालेल. फक्त ह्याला कोणी टाइम नाय दिला."

मग हातातलं काम न थांबवता त्यांनी मला समजावलं. महागड्या गिटारीत लाकूड काही दुप्पट नसतं आणि तांबंही चौपट नसतं. जास्त असतो तो माणसाचा वेळ. पट्टीचं एकेक टोक कानशीनं गोल करायचं, पुसायचं, बोट फिरवून बघायचं, पुन्हा गोल करायचं. बावीस पट्ट्या, चव्वेचाळीस टोकं. त्या चव्वेचाळीस टोकांना द्यायला कुणाला किती वेळ मिळाला, त्यावर गिटारीची किंमत ठरते. "ज्यानं हे केला ना मॅन, त्याचा हात चांगला आहे. हे बघ, जोड कसा बसवलाय. पण त्याचा मागे दुसरा गिटार येऊन थांबला असेल. तो काय करणार?" इंडोनेशियातल्या कुठल्या तरी शेडमधल्या त्या अनोळखी कारागिराची बाजू धोबी तलावच्या एका माणसानं इतक्या आपुलकीनं घेतलेली पाहून मला माझीच लाज वाटली. मी आल्यापासून किमतीबद्दल बोलत होतो.

अंकलनी तीन आठवडे घेतले. दांडीच्या पोटात एक पोलादी सळई असते, ती पिळून मानेचा बाक काढला. चव्वेचाळीस टोकं घासली. प्लॅस्टिकचा नट काढून हाडाचा घडवला आणि त्यात एकेका तारेच्या जाडीची खाच पाडली. आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा लावला. "हम थोडा कमी होईल," ते म्हणाले. "पूर्ण बंद झाला तर समज, लाइट गेला." मी मधून मधून जात असे. खालच्या चहावाल्याच्या रेडिओवर जुनी गाणी चाललेली असत. एकदा एक गाणं लागलं तसे अंकलचे हात थांबले. "मी आहे ह्याच्यात, मॅन. सातवा वायलिन." मी कान देऊन ऐकलं. गाण्यात पंधरा-वीस व्हायोलिनं तरी असतील. सातवं कसं ओळखणार? पण त्यांना ऐकू येत होतं.

त्या काळच्या तबकड्यांवर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे, गीतकाराचंही असे. वाजवणाऱ्यांची नावं नसत. एक नाव मात्र सगळ्या देशाला पाठ झालं, तेही वेगळ्याच वाटेनं. अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे थोर व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'च्या वेळी प्यारेलालनी नायकाच्या तोंडी आपल्या गुरूचं नाव घातलं. भल्या मोठ्या अंड्यातून अमिताभ बच्चन बाहेर आला आणि ते नाव घरोघरी पोचलं. नाव पोचलं, माणूस राहिला. आजही शंभरातले नव्याण्णव जण सांगतील की असा कुणी खराखुरा माणूस नव्हताच. अंकलना मी हे म्हटलं तर ते हसले आणि म्हणाले, "चांगला आहे की. नाव तरी बाहेर फिरून आला."

गिटार घरी आली त्या रात्री मी दार लावून वाजवत बसलो. काय सांगू तुम्हांला! तीच गिटार, तेच लाकूड, तीच सही. पण आता तारेला हात लावला की तार वाद घालत नव्हती. बोट सरकवावं तर दांडीच बोटाला पुढे नेत होती. तासाभरानं आई पाणी प्यायला उठली. दारात उभी राहून म्हणाली, "आता बरी लागतेय." मी म्हटलं, "आई, नाव त्याचंच आहे हं अजून." ती म्हणाली, "असू दे की. पातेल्यावर नाव मामाचं आहे, म्हणून आमटी काय मामा करतो?"

गिटारशास्त्रावर मी बरीच पुस्तकं चाळली आहेत. त्यांत एवढं स्वच्छ कुणी लिहिलेलं नाही. खुद्द लेस पॉलसुद्धा आपल्याच सहीच्या गिटारी उघडून त्यांत जन्मभर काही ना काही बदल करत राहिले. १९४८ सालच्या मोटार-अपघातात त्यांच्या उजव्या कोपराचा चुरा झाला, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना तो हात गिटार धरता येईल अशाच कोनात पक्का करायला लावला. उतारवयात संधिवातानं बोटं आखडली, तरी नव्वदी उलटल्यावरही दर सोमवारी न्यूयॉर्कच्या एका क्लबात ते वाजवत होते, २००९ साली गेले त्याच वर्षापर्यंत. ज्याचं नाव लाखो गिटारींवर छापलं गेलं, त्यालाही सोमवारी संध्याकाळी स्वतः जाऊन वाजवावंच लागत होतं. छापील सही वाजवत नाही.

पुढच्या कार्यक्रमात मी 'हरे रामा हरे कृष्णा'मधलं (१९७१) आशाबाईंचं ते सुप्रसिद्ध गाणं सुरू केलं. सुरुवातीचे गिटारचे सूर निघाले मात्र, अख्ख्या नाट्यगृहानं टाळी दिली. गायिकाबाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. ही टाळी कुणाची? आशाबाईंची, पंचमची, झालंच तर झीनत अमानची. पण ते सूर मुळात ज्यांच्या बोटांतून आले ते भूपिंदर सिंग. पुढे गझलगायक म्हणून नावाजलेले आणि २०२२ साली वारलेले. टाळी देणाऱ्या आठशे लोकांतल्या किती जणांना हे ठाऊक होतं कोण जाणे. पण पन्नास वर्षांनी, डोंबिवलीच्या एका माणसानं, इंडोनेशियाच्या गिटारीवर, तिसऱ्याच कुणाच्या सहीखाली ते सूर काढले तरी पहिल्या झटक्यात ओळखले गेले! ह्याला मी सही म्हणतो. ती कुठंही छापलेली नाही आणि दर वेळी जुळते.

कार्यक्रम संपल्यावर एक कॉलेजातला मुलगा धावत विंगेत आला. "काका, फोटो काढू?" मी भांग सारखा केला आणि गिटार छातीशी धरून उभा राहिलो. त्यानं मोबाइल रोखला, एक डोळा बारीक केला आणि अदबीनं म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का? सही झाकली जातेय."

मी बाजूला झालो. सवय आहे.

मध्यंतरी गिटारीचं बटण फिरवताना खरखर येऊ लागली, म्हणून मी पाठीवरची झाकणी स्वतःच उघडली. आत तांब्याचा पत्रा, वायरींचं जाळं, आणि एका कोपऱ्यात उघड्या लाकडावर शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं : अंकलचं पूर्ण नाव, तारीख आणि 'धोबी तलाव'. मी लगेच फोन लावला. "अंकल, तुम्ही आत नाव लिहून ठेवलंय!"

"मग? सगळे लिहितात, मॅन. बाहेर जागा नसते ना."

"पण आत कोण बघणार?"

"पुढचा रिपेरवाला बघणार. त्याला कळायला पाहिजे, हिला टाइम कोणी दिला." मग जरा थांबून म्हणाले, "तू पण लिही. तुझा हात फिरतो ना रोज तिच्यावर."

मी टेबलाच्या खणातून मुलाची शिसपेन्सिल शोधून काढली, तिला टोक केलं आणि अंकलच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. त्याच्याखाली थोडी जागा मुद्दाम मोकळी सोडली. इंडोनेशियाच्या त्या माणसाचं नाव कधी कळलं तर असावी. मग झाकणी बसवून स्क्रू पिळले. साडेपाच वाजले होते. संध्याकाळी कल्याणला रिसेप्शन होतं आणि नवरदेवाकडच्यांनी वाद्यवृंदाला सातच्या आत जेवून घ्यायला सांगितलं होतं.